काळ्या मातीत पर्माकल्चर: सुरुवात कुठून करावी?

नेरचा पोरगा
नमस्कार मंडळी. नेरजवळ आमचं चार एकर वावर आहे. वरचा तुकडा बरड, खालचा काळाभोर. बाबा पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर घेतात. मी पुण्याची नोकरी सोडून आलोय. पर्माकल्चरचे, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं शेत आखण्याचे, व्हिडिओ पाहून उतारावर आडवे चर खणायचं मनात आहे, पण बाबा म्हणतात, खाली पाणी तुंबेल. या वाटेनं कोणी गेलंय का? कोर्स करावा का?

आर्वीची ताई
भाऊ, बाबा बरोबर सांगतात. मला ही वाट आमच्या धुऱ्यानं, म्हणजे वावराच्या बांधानं, दाखवली. तिथं पळस, बोर, हिवर आपसूक वाढलेले. निंदताना त्या बाजूची माती हाताला भुसभुशीत लागायची, उन्हाळ्यात भेगाही बारीक. असं का होतं, हे शोधत मी पर्माकल्चरच्या ७२ तासांच्या कोर्सला पोचले. जरूर करा, पण आधी एक पावसाळा वावरात पाणी कुठून येतं, कुठं थांबतं ते बघा. पर्माकल्चर मांडणाऱ्या दोघांपैकी एक, डेव्हिड होल्मग्रेन, यांच्या बारा तत्त्वांतलं पहिलं हेच आहे.

काळी माती भिजली की फुगते, भेगा बुजतात आणि पाणी मुरणं फार मंदावतं. तिथं सपाट चरात पाणी साचलं की पऱ्हाटी पिवळी पडते, तूर उभी सुकते. म्हणून खालच्या तुकड्यात चराला किंचित उतार द्या आणि त्याचं तोंड गवत राखलेल्या पाटात सोडा. बरडावर मुरूम आहे, तिथं सपाट चर बिनधास्त खणा. आमच्याकडं पाणी धरण्याइतकंच ते सोडणंही महत्त्वाचं, आणि व्हिडिओत हे कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

नेरचा पोरगा
ताई, समपातळी कशी काढायची? मशीन भाड्यानं आणू?

दारव्हेकर
काही गरज नाही. दोन सारखे बांबू वर बांधा, मधे एक आडवा, शेंड्यावरून दोरीला दगड सोडा. सपाट फरशीवर दोरी जिथं येते तिथं आडव्या बांबूवर खूण करा. वावरात दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं चुन्याची फक्की टाकत पुढं चला.

आर्वीची ताई
आणि धुऱ्यावर पहिल्या पावसात गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) काड्या लावा, अंगठ्याहून जाड. पाला कापून कपाशीच्या ओळीत टाकता येतो, नत्र मिळतं. रोह्यांचा (नीलगायींचा) त्रास असेल तर बाहेरून काटेरी सागरगोटा लावा. बाबांना सोबत घेऊनच आखा, पाण्याच्या वाटा त्यांना पाठ असतील.