मालवण-कुडाळ पट्ट्यात लोकांची सटरफटर कामे करून देण्याची सेवा: दर कसा बसवावा?

खाडीकाठ:
मालवण तालुक्यात लोकांची बाहेरची कामे करून द्यायचा धंदा सुरू करायचा विचार आहे. औषधे आणणे, बँकेत कागद पोचवणे, तहसीलचे अर्ज, मुंबईकरांच्या बंद घरांवर नजर. माणसे दोन, स्कूटर एक. कामाला सरसकट ५० रुपये ठेवले तर परवडेल का? परवाना कुठला लागतो?

हिशेबी:
गावातल्या गावात ५० ठीक. कुडाळची फेरी त्या भावात केलीत तर स्कूटर विकायची वेळ येईल. जाऊन-येऊन साधारण ५८ किमी धरा. टायर, ऑइल, ब्रेक, विमा पकडून किमीला ५ रुपये, म्हणजे २९०. वर साडेतीन तास, तासाला १०० प्रमाणे ३५०. एकूण ६४०. औषधाच्या एका पिशवीसाठी एवढे कोण देणार? म्हणून पाच कामे एका फेरीत बसवायची. वेळ पाच तासांवर जातो, खर्च ७९०, कामामागे १५८. दर २०० ठेवा.

त्यासाठी वार ठरलेले हवेत: मंगळवार-शुक्रवार कुडाळ, गुरुवार ओरोस (जिल्ह्याचे मुख्यालय). काम आदल्या रात्री आठपर्यंत सांगायचे. त्यानंतर तातडीचे असेल तर अख्ख्या फेरीचा दर, भीड न बाळगता. राज्य सरकारची कार्यालये शनिवारी बंद, बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद, तेव्हा शनिवार बंद घरांना द्या. रांगेचा पहिला अर्धा तास दरात, पुढे दर १५ मिनिटांना २५ रुपये. हे आधी सांगितले नाही तर भांडण ठरलेले.

कागदवाला:
तुमच्यासारखी दोनच माणसे असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, एजंटला पैसे मोजू नका. नुसत्या सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची कटकट नाही.

पांढऱ्या पाटीच्या (खासगी) गाडीवर पैसे घेऊन माणूस बसवू नका. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. आजींना दवाखान्यात न्यायचे तर रिक्षा सांगा आणि सोबतीचे पैसे घ्या.

प्रत्येक कामाचे वेगळे अधिकारपत्र घ्या. आधारच्या झेरॉक्सवर ‘फक्त अमुक कामासाठी’ असे लिहून तारीख-सही आडवी मारून घ्यायची. एटीएमचा पिन कोणी आपणहून सांगितला तरी ऐकू नका.

सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे फेरी लावू नका (आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच म्हणतात). डिजिटल सहीचा उतारा सरकारी पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची कामे येतील. म्हाताऱ्यांची बोटे झिजलेली, अंगठा उमटत नाही; मग मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायचा. माणसाला उजेडाकडे तोंड करून पडवीत बसवा, पाठीमागे खिडकी नको. ओटीपी त्यांनी स्वतः बघून टाकावा.

माडाखाली:
खरा पैसा बंद घरांत आहे, औषधांत नाही. महिन्याला दोन फेऱ्या, ४०० रुपये. खिडक्या दोन तास उघड्या टाका, विहिरीचा पंप पाच-दहा मिनिटे चालवा (नाहीतर जाम होतो), चौकटीच्या तळाशी वाळवीची माती दिसते का बघा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. मेन स्विच बंद असताना युनिट वाढत असतील तर मीटर आणि मेनच्या मधे काहीतरी गडबड आहे, वायरमन बोलवा.

छपराचे नळे (कौले) परतायची माणसे मृगाच्या तोंडावर मिळत नाहीत, त्यांना एप्रिलमध्येच सांगून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत कोनवाशाखाली (छपराच्या कोपऱ्यातला तिरपा वासा) आणि पन्हळीच्या सांध्याखाली ओल आली का बघायचीच. गणपतीची साफसफाई नारळी पौर्णिमेपर्यंत नोंदवून अर्धे पैसे आधी घ्या. चाकरमानी आदल्या दिवशी उतरतात आणि तेव्हा सगळ्यांनाच झाडू हवा असतो. किल्ल्यांना नावाची नाही, आकड्याची चिठ्ठी लावा. आकड्यांची वही घरी ठेवा.

खाडीकाठ:
सामानाचे पैसे कोणी घालायचे?

हिशेबी:
तुम्ही नाहीच. दुकानाचा क्यूआर गिऱ्हाइकाला पाठवा, ते परस्पर भरतील. मधल्या वाड्यांना रेंज नसते, अशांकडून निघतानाच रोख रक्कम आणि ‘५०० पर्यंत घ्या’ असा आकडा घ्या. औषधाला मूळ चिठ्ठी न्या; झोपेच्या गोळ्या फोटोवर मिळत नाहीत. काउंटर सोडण्यापूर्वी स्ट्रिपवरचे मिलीग्रॅम चिठ्ठीशी ताडा, कापलेली स्ट्रिप दुकानदार परत घेत नाही. इन्सुलिन बर्फाच्या पिशवीला चिकटवून आणू नका, मधे कापड घाला. एकदा गोठले की फेकूनच द्यावे लागते, आणि ते पैसे मात्र तुमच्या खिशातून जातील.