पेरूतला कुस्को परिसर सहा दिवसांत: आधी कुठे जावं, अस्सल विणकाम कसं ओळखावं?

माचू पिचू, ओयान्तायताम्बो, पिसाक आणि चिंचेरोचं विणकाम पाहायचं आहे. क्रम कसा लावू? तिकिटं कुठली? आणि बाजारातलं कापड हाती विणलेलं आहे हे कसं कळतं?

प्रतिसाद १
कुस्को ३,४०० मीटरवर आहे, ओयान्तायताम्बो साधारण २,८०० वर. म्हणून विमानतळावरून टॅक्सीने थेट खाली उतरा, कुस्को शेवटी ठेवा. वाटेत चिंचेरो लागतं. ते ३,७६० मीटरवर, म्हणजे कुस्कोहूनही उंच. पहिल्याच दिवशी तिथे थांबलात की विरळ हवेने डोकं धरलंच समजा. परतताना बघा.

तिकीट बोलेतो तुरिस्तिको (अनेक जागांचं एकत्र पर्यटक-तिकीट), १३० सोल (पेरूचं चलन), १० दिवस चालतं. ७० सोलचं अर्धं तिकीट पवित्र दरीतल्या (ओयान्तायताम्बो, पिसाक आहेत तो भाग) चार जागांना दोनच दिवस चालतं, तुमच्या बेतात ते बसणार नाही. माचू पिचू यात नाही. त्याचं तिकीट मार्ग आणि वेळ ठरवून आधीच काढावं लागतं, पासपोर्टही सोबत हवा. जवळच्या मारास गावच्या मिठागरांचं तिकीटही वेगळं.

प्रतिसाद २
कापडाबद्दल: आधी कडा बघा. कमरेला बांधून विणायच्या मागावर ताणा (उभे धागे) दोन काठ्यांभोवती अखंड फिरवलेला असतो, म्हणून चारही कडा बंद येतात, कुठे कापलेलं वा दुमडून शिवलेलं नसतं. विणणारीचे हात पोहोचतील तेवढाच पन्हा, म्हणून यिक्या (खांद्यावरची शाल) दोन पट्ट्या मधोमध जोडून होते. ती शिवण म्हणजे खोट नव्हे. नक्षी ताण्याच्या धाग्यांतून उठते. पालथं केलं तर बहुतेक तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते. मागे लोंबते धागे दिसले तर यंत्राचं असू शकतं, नीट तपासा.

‘बेबी अल्पाका’ (अल्पाका या लोकरी प्राण्याची मऊ लोकर) म्हणून ॲक्रिलिक सर्रास खपवतात. सुटा धागा मिळाला तर जाळून बघा: लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

प्रतिसाद ३
चिंचेरोत रंगाचं प्रात्यक्षिक चुकवू नका. निवडुंगावरचा पांढरट किडा, कोचिनील, तळहातावर चिरडला की गर्द किरमिजी. त्यावर लिंबू पिळलं की रंग केशरीकडे झुकतो. धाग्यावर रंग पक्का करायला तुरटी. दुकानाला जोडलेलं प्रात्यक्षिक घाईत उरकतात. निवांत पाहायचं तर कुस्कोतलं सेंत्रो दे तेक्स्तिलेस त्रादिसिओनालेस (पारंपरिक विणकामाचं केंद्र) गाठा. १९९६ पासून चालू आहे, विणकरणी तिथेच बसून विणतात. भाव जास्त, पण तिथे घासाघीस करू नका.