परदेशी खरेदीचं काम 'सेव्हिंग'च्या टक्क्यांवर मोजणं थांबवा

रावपुरा (धागा सुरू करणारा):
मार्च जवळ आला की आमच्या खात्यात एकच विषय असतो: यंदा सेव्हिंग किती टक्के? मी बडोद्यात ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत परदेशी खरेदी बघतो. गेल्या वर्षीचा दर किती खाली आणला, एवढ्यावरच हे काम मोजलं तर शेवटी कंपनीलाच महाग पडतं, असं माझं ठाम मत आहे.

पीओवरचा, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवरचा, दर म्हणजे मालाचा पूर्ण खर्च नव्हे. सीआयएफ किंमत (माल, विमा आणि आपल्या बंदरापर्यंतचं भाडं धरून) १०० रुपये आणि बेसिक ड्यूटी साडेसात टक्के धरा. ड्यूटीवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी ७५ पैसे. झाले १०८.२५. त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), १९.४९. म्हणजे कंटेनर बडोद्याजवळच्या दशरथ गावातल्या कंटेनर डेपोतून बाहेर पडेपर्यंत १०० चे १२७.७४ होतात. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण तोवर रोकड अडकून पडते. डेमरेज, डिटेन्शन (माल किंवा कंटेनर मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याचा दंड), नापास होऊन परत गेलेला माल, हे तर सेव्हिंगच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

आता चार टक्के स्वस्त मिळतं म्हणून नवा सप्लायर धरला आणि बुशिंग (ट्रान्सफॉर्मरच्या टाकीतून तार बाहेर काढणारा पोर्सिलिनसारखा इन्सुलेटर) तीन आठवडे उशिरा आलं, असं समजा. बुशिंग बसल्याशिवाय ट्रान्सफॉर्मरची टेस्ट होत नाही. बाकी सगळं तयार असलेलं, कोटींचं यंत्र चाचणीच्या जागेबाहेर उभं राहतं. वीज कंपन्यांच्या करारात एलडी (उशिराचा दंड) बहुधा आठवड्याला अर्धा टक्का असते, आणि ती बुशिंगच्या किमतीवर लागत नाही, यंत्राच्या किमतीवर लागते. मग घाबरून माल विमानाने मागवायचा. ते भाडं लॉजिस्टिक्सच्या खात्यात पडतं आणि चार टक्के सेव्हिंग आमच्या खात्यात तसंच राहतं! बढती त्याच आकड्यावर होते.

लँडेड कॉस्ट, म्हणजे माल दारात येईपर्यंतचा सगळा खर्च, मोजा, माल वेळेवर आला का ते मोजा. पीओच्या दरावर माणसं तोलू नका.

अलकापुरी:
मी फायनान्समध्ये आहे आणि माझा पूर्ण विरोध आहे. आपल्या धंद्यात विक्रीच्या रुपयातला निम्म्याहून जास्त हिस्सा मालावर जातो. तो खर्च ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर ठोस आकडा नको? "मी धोका टाळला" असं कुणीही म्हणेल. जे घडलंच नाही त्याचा हिशेब ऑडिटरला कसा दाखवायचा? दराचा दबाव काढून घेतला की तोच सप्लायर वर्षानुवर्षं चालू राहतो, दुसरं कोटेशन नावापुरतं येतं, आणि पुढे काय काय होतं ते बाजारात सगळ्यांना माहीत आहे. लाल समुद्रातली जहाजांची वाट बंद पडेल हे कुणाला आधी कळलं होतं? मग त्याची तयारी केल्याचे गुण कशाला द्यायचे?

रावपुरा:
नेमकी तारीख कुणालाच कळत नाही, पण वाट अडू शकते हे सगळ्यांना माहीत होतं. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझमध्ये आडवं झालं आणि सहा दिवस कालवा बंद राहिला. जहाजाच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांनाही वाटा उचलायची हमी द्यावी लागली. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर येमेनच्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला, साधारण दोन आठवडे जास्त घेऊन. ज्यांनी कोरियाचा किंवा देशातला दुसरा सप्लायर थोड्या ऑर्डरी देऊन जिवंत ठेवला होता त्यांची लाइन चालू राहिली. त्या थोड्या ऑर्डरींचा दर दोन-तीन टक्के जास्तच असतो. तुमच्या तक्त्यात ते "निगेटिव्ह सेव्हिंग" म्हणून लाल रंगात येतं. मग कोण ठेवील दुसरा सप्लायर?

मांजलपूर:
मी सोर्सिंगमध्ये नवीन आहे, पण एक गोष्ट अजिबात पटत नाही. युरो चढला की माझं सेव्हिंग गायब, युरो उतरला की मी हुशार. तांब्याचंही तसंच, एलएमई (लंडनचा धातूबाजार) हललं की दर हलला. यात माझं काय कर्तृत्व? अलकापुरीदादा, निदान चलन आणि धातू बाजूला काढून उरलेला दर तरी मोजा. तेवढं केलंत तर आकड्याला माझी हरकत नाही. म्हणजे रावपुराकाकांशीही मी पूर्ण सहमत नाही. आकडा नसेल तर नव्या माणसाने स्वतःचं काम वरच्यांना दाखवायचं कसं?

अलकापुरी:
चलन आणि एलएमईचा मुद्दा मान्य. फॉरवर्ड कव्हर (पुढच्या तारखेचा चलनाचा दर आधीच पक्का करणं) घ्यायचं की नाही हे ट्रेझरी ठरवते, त्याचा फायदा-तोटा खरेदीच्या माथी मारणं चूकच आहे.

मकरपुरा जीआयडीसी:
तुमचा वाद मोठ्या लोकांचा आहे, पण त्यात आम्ही इथले छोटे कारखानदार कुठेच नाही. परदेशी सप्लायरला तुम्ही एलसी (बँकेची पैसे देण्याची हमी) उघडून देता, कुणाला तर आगाऊ रक्कम. आम्ही तुमच्या गेटपासून अर्ध्या तासावर, आणि आमचं बिल नव्वद-नव्वद दिवस फिरतं. लेखी करार असला तरी लघुउद्योगांच्या एमएसएमई कायद्यात बिल चुकवायला ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे. आयकरात त्याचं कलम आल्यापासून तर मुदतीत पैसे दिले नाहीत तर तुमचाच खर्च त्या वर्षी वजावटीला धरत नाहीत. तरी फोन केला की "साहेब टूरवर आहेत". रेडिएटर, टर्मिनल कनेक्टर, फास्टनर इथे बनतात. ते बाहेरून आणताना लँडेड कॉस्टमध्ये तुम्ही स्वतःची तीन महिन्यांची इन्व्हेंटरी धरता का, रावपुराशेठ? आम्ही माल आठवड्याला देतो.

रावपुरा:
इन्व्हेंटरीचं व्याज धरायलाच हवं, आणि बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, हे खरं आहे. रेडिएटर-कनेक्टरबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण सीआरजीओ पोलाद (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं खास पोलाद) मकरपुऱ्यात होत नाही आणि देशात गरजेपुरतं बनत नाही. बाहेरून आणायचं तर त्या मिलकडे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना हवा, म्हणजे उद्या वाटलं आणि दुसरी मिल धरली असं होत नाही.

दांडियाबजार:
मी निवृत्त आहे, उभा जन्म याच कामात गेला. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. आकडा राहू द्या, पण तो कधी मोजता ते बदला. माणूस दोन वर्षं त्या खुर्चीवर बसतो, स्वस्त सप्लायर आणतो, सेव्हिंग खिशात घालून बदलीवर जातो. माल साइटवर नापास होतो तेव्हा उत्तर द्यायला नवा माणूस असतो. वॉरंटीचं पहिलं वर्ष नीट गेलं की मगच सेव्हिंग मंजूर करा, आणि ज्याने सप्लायर आणला त्याच्याच नावावर.

दुसरं असं की दराच्या घाईत कागद कुणी वाचत नाही. सीआयएफ म्हटलं की माल आपल्या बंदराला लागेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची, अशी कित्येकांची समजूत असते. भाडं तो भरतो, पण माल तिकडे जहाजावर चढला की जोखीम आपली. शिवाय सीआयएफमध्ये विमा किमान दर्जाचा दिला तरी चालतो. चढवता-उतरवताना पेटीतलं पोर्सिलिन तडकलं तर त्या विम्यात ते बसत नाही. एलसीचंही तसंच. बँक कागद तपासते, माल तपासत नाही. पेटीत भंगार असलं आणि कागद बिनचूक असले तरी बँक पैसे देते. म्हणून माल निघण्याआधी तिथे माणूस पाठवून तपासणी करावी लागते, आणि पहिली कात्री त्याच खर्चाला लागते.

अलकापुरी:
काका, वॉरंटीपर्यंत थांबायचं तर वार्षिक मूल्यमापन होणारच नाही. पण एक बदल मी माझ्या बाजूने मांडू शकतो: उशिरामुळे लागलेलं विमानभाडं लॉजिस्टिक्सकडून काढून खरेदीच्या खात्यात टाकायचं. मग सेव्हिंगचा आकडा आपोआप खरा होईल. चालेल, रावपुरा?

रावपुरा:
चालेल, आनंदाने. एकाच अटीवर. सेल्स निविदेत डिलिव्हरीची तारीख लिहितं तेव्हा बुशिंग आणि टॅप चेंजरचा (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या भागाचा) लीड टाइम, म्हणजे माल यायला लागणारा वेळ, आमच्याकडून लेखी घ्यावा. आज ती तारीख ऑर्डर आल्यावर आम्हाला कळते. तारखेचा उशीर त्यांनी करायचा आणि विमानभाडं आमच्या खात्यात, हे मात्र मी मान्य करणार नाही.