वॉशिंग्टन राज्याची पेड लीव्ह: छोट्या कंपनीत नोकरी टिकते का?

बेलव्ह्यूकरीण:
नमस्कार मंडळी, बाळाची ड्यू डेट एप्रिल २०२६ ची आहे. या कंपनीत ऑगस्टमध्ये लागले, त्याआधीही वॉशिंग्टनमध्येच नोकरी होती. आमची कंपनी तीसेक जणांची. मॅनेजर म्हणतो रजेचे पैसे राज्याकडून मिळतील पण कामावर परत घेऊच असं नाही, ५० च्या खालच्या कंपनीला ते बंधन नाही म्हणे. मध्यंतरी ऑलिम्पियात (राज्याच्या राजधानीत) कायदा बदलायचं चाललं होतं ना, त्याचं काय झालं? एच-१बी व्हिसावर आहे, नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा, खूप टेन्शन आलंय.

जुना रेडमंडकर:
मॅनेजर जुना नियम सांगतोय. त्या बदलाचं विधेयक, एचबी १२१३, २०२५ मध्येच पास झालं, १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. आधी ५० लोक, १२ महिने नोकरी आणि १२५० तास हे तिन्ही लागायचं, आता २५ लोक आणि रजेआधी त्या कंपनीत १८० दिवस झालेले असले की बास. तुम्ही बसता त्यात. पैशाला अट वेगळी, ८२० तास काम, ते राज्यातल्या सगळ्या नोकऱ्यांचे मिळून धरतात, व्हिसा कुठला ते बघत नाहीत. मला जुन्या नियमाची चीडच होती, पगारातून या रजेचा प्रीमियम सगळ्यांचा कापायचा आणि छोट्या कंपनीतल्या माणसाने मात्र नोकरीच्या भीतीने रजाच घ्यायची नाही.

सुहास:
नियम बरोबर आहे, पण माझ्याकडे जेमतेम पंचवीस माणसं आहेत, एक जण १६ आठवडे नसला तर त्याचं काम बाकीच्यांच्या गळ्यात पडतं आणि तेवढ्यापुरता शिकलेला माणूस मिळत नाही. प्रीमियमही २०२६ ला पगाराच्या ०.९२ वरून १.१३ टक्क्यावर गेला. ५० च्या खाली मालकाचा वाटा माफ आहे हे खरं, पण खरी अडचण माणसांची आहे, त्याचा विचार व्हायला हवा होता.

दोन लेकरांची आई:
ताई, एचआरला ३० दिवस आधी लेखी कळवा, ईमेल चालतो, नुसतं तोंडी सांगू नका. बाळंतपणाची मेडिकल रजा आणि बाळासाठीची फॅमिली रजा मिळून १६ आठवडे, कॉम्प्लिकेशन झालं तर १८. अर्ज बाळ झाल्यावर करायचा आणि मग दर आठवड्याला क्लेम भरायचा, तो चुकवू नका, पैसे अडकतात. आणि हे नवीन आहे नीट वाचा: रजा संपत आली की कंपनीने परत यायची तारीख लेखी द्यायची असते, त्या दिवशी हजर झालं नाही तर नोकरीवरचा हक्क जातो.

बेलव्ह्यूकरीण:
खूप खूप आभार, आजच मेल टाकते. नवऱ्यालाही रजा घ्यायची आहे, पण त्याची कंपनी बारा जणांची आहे, त्याला कधीपासून?

जुना रेडमंडकर:
२०२७ ला आकडा १५ होणार, २०२८ ला ८. म्हणजे १२ जणांना २०२८ पासून. त्याचे तास भरत असतील तर १२ आठवड्यांचे पैसे आत्ताही मिळतील, पण नोकरी राखायचं बंधन कंपनीवर नाही. त्यामुळे परत घेणार असं मालकाकडून आधी लेखी घ्या, मगच तारखा ठरवा.