ऑनलाइन बेसबॉल लीग : हंगामापूर्वीची संघक्रमवारी कशाच्या आधारे लावावी?

रंकाळावेस

सर्व सदस्यांना नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो आणि संगणकावर चालणाऱ्या एका बेसबॉल लीगमध्ये गेले काही हंगाम एक संघ सांभाळतो. आमची लीग ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या खेळावर चालते. खेळाडू, करार, दुखापती, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने करायची निवड) हे सारे आभासी असले तरी संघमालक खरे आहेत. बहुतेक जण कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगली भागातले, काही नोकरीनिमित्त पुण्याला गेलेले. कमिशनर, म्हणजे लीग चालवणारे, ठरलेल्या संध्याकाळी आठवड्याभराचे सामने खेळवून लीग फाइल चढवतात. ती उतरवून घेऊन आम्ही फलंदाजीच्या आणि पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) क्रमात हवे ते बदल करतो आणि आपली फाइल मुदतीच्या आत परत पाठवतो.

नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व संघांची क्रमवारी प्रसिद्ध करण्याची आमच्याकडे पद्धत आहे आणि यंदा ते काम माझ्याकडे आले आहे. आजवर मागील हंगामाचा गुणतक्ता जसाच्या तसा घेऊन प्रत्येक संघापुढे एक-दोन ओळी लिहिल्या जात असत. त्यामुळे आपले दोन्ही उत्तम पिचर विकून टाकलेला संघ केवळ गेल्या वर्षीच्या विजयांवर वरच्या जागी राहिला, आणि वर्षभर खपून तरुण खेळाडूंची चांगली फळी उभी केलेला संघ पुन्हा तळाशी दाखवला गेला. त्या संघाचे मालक मनातून दुखावले गेले होते, हे मला ठाऊक आहे. आमच्यासारख्या छोट्या लीगमध्ये मन लावून खेळणारा मालक टिकवणे फार महत्त्वाचे असते आणि ही क्रमवारी प्रत्येक जण बारकाईने वाचतो. म्हणून ती विचारपूर्वक व्हावी अशी माझी इच्छा आहे.

मागील विजय, खेळाडूंची सध्याची रेटिंग (खेळात त्यांच्या कौशल्याला दिलेले गुण) आणि संगणकावर हंगाम अनेकदा खेळवून मिळणारी सरासरी असे तीन आधार मला दिसतात. यांपैकी कशाला किती वजन द्यावे? शिवाय माझा स्वतःचा संघही या यादीत आहे, त्याचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

बिंदूचौक

नमस्कार. मागील हंगाम पूर्णपणे बाजूला ठेवू नका, पण विजयांऐवजी धावा पाहा. संघाने केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की त्या संघाने साधारण किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते कळते. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेले हे सूत्र पुढे घातांक २ ऐवजी १.८३ घेऊन आणखी नेमके करण्यात आले, मात्र आपल्या कामाला साधा वर्ग पुरेसा आहे.

अमेरिकेतल्या प्रत्यक्ष मेजर लीगमधले उदाहरण पाहा. २०२३ मध्ये सॅन डिएगो पाद्रेस संघाने ७५२ धावा केल्या आणि ६४८ दिल्या. सूत्रात घातले तर १६२ सामन्यांत ९३ विजय येतात. प्रत्यक्षात ते ८२ सामने जिंकले. एका धावेच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत ते ९ जिंकले आणि २३ हरले, तर जादा डावांत गेलेल्या १४ सामन्यांपैकी त्यांना फक्त २ जिंकता आले. गुणतक्त्यावरून क्रमवारी लावणाऱ्याने त्यांना २०२४ साठी मधल्या फळीत टाकले असते. त्या हंगामात, ह्वान सोटोसारखा फलंदाज दुसऱ्या संघाला देऊनही, त्यांनी ९३ सामने जिंकले. उलट २०१२ चा बाल्टिमोर ओरिओल्स संघ ९३ सामने जिंकला, पण केलेल्या आणि दिलेल्या धावांत फरक अवघा ७ होता. एका धावेच्या सामन्यांत त्यांनी २९ जिंकून ९ गमावले होते. पुढच्या वर्षी तोच संघ ८५ विजयांवर आला.

एका धावेने जिंकण्याची हातोटी संघांमध्ये असते असे पुष्कळांना वाटते. चांगल्या बुलपेनचा (सामन्यात नंतर येणाऱ्या राखीव पिचरांचा) थोडा हातभार लागतो हे मी मान्य करतो, परंतु वर्षानुवर्षे टिकणारी अशी हातोटी आकड्यांत फारशी दिसत नाही. आपल्या खेळातही सामना संभाव्यतेवर चालतो, त्यामुळे हीच गोष्ट तिथेही लागू होते. गुणतक्त्यावरचे विजय आणि धावांवरून येणारे विजय यांत ज्या संघांचे अंतर मोठे आहे, ते संघ आधी वेगळे काढा. क्रमवारीत लिहिण्यासारखे सर्वाधिक तिथेच सापडेल.

शाहूपुरी

वरील सदस्यांचे म्हणणे योग्य आहे, परंतु धावासुद्धा गेल्या वर्षीच्याच. ड्राफ्ट, अदलाबदली आणि निवृत्ती यांनंतर मैदानात उतरणारा संघ निराळा असतो. खासबागेच्या मैदानात जोड लावताना जाणती मंडळी पैलवानाची जुनी गदा मोजत नाहीत, आजची तयारी आणि दम किती हे पाहतात. तसेच इथेही पाहावे.

माझी पद्धत सांगतो. प्रत्येक संघाचे पान उघडून मी सर्वांत आधी चौथा आणि पाचवा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) पाहतो. पाच पिचरांच्या फेऱ्यात प्रत्येकाच्या वाट्याला १६२ पैकी साधारण ३२ सामने येतात, म्हणजे या दोघांकडे मिळून साठाहून अधिक सामने असतात. आमच्या लीगमधल्या एका संघाकडे विसापासून ऐंशीच्या मापावर स्टफ (चेंडूची धार) ७० आणि कंट्रोल (अचूकता) ६५ असलेला पहिला स्टार्टर आहे आणि सगळे त्याचेच नाव घेतात. पण त्याच संघाचा पाचवा स्टार्टर उघडून पाहिला तर कंट्रोल ३५, वय ३६, आणि त्याला दुखापत झाली तर खालच्या लीगमधून वर आणण्याजोगा कुणीही नाही. अशा संघाला पहिल्या पिचरच्या नावावर वर ठेवणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट क्षेत्ररक्षणाची. जमिनीवर चेंडू मारायला लावणारे पिचर ज्याच्याकडे जास्त आहेत त्या संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) कच्चा असेल, तर पिचरांची रेटिंग कागदावरच राहतात. अदलाबदलीत फलंदाजीकडे पाहून शॉर्टस्टॉप बदलणाऱ्या मालकांच्या हे सहसा लक्षात येत नाही. क्रमवारी लिहिणाऱ्याच्या ते लक्षात यायलाच हवे.

वयाबाबत सावध राहावे. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक टॉम टँगो यांची ‘मार्सेल’ ही अंदाजाची अगदी साधी पद्धत फलंदाजाच्या मागील तीन हंगामांना, सर्वांत ताज्यापासून, ५, ४ आणि ३ असे वजन देते, मग सगळे आकडे सरासरीकडे थोडे ओढते आणि शेवटी वयाप्रमाणे फरक करते. एवढ्या साधेपणातही ती गुंतागुंतीच्या पद्धतींच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचते. नव्या खेळाडूमुळे किती फरक पडेल हे मांडताना साधारण १० धावांना एक विजय असा हिशेब धरला तरी चालतो. त्यामुळे एका मोठ्या नावाच्या खरेदीने संघ दहा जागा वर चढत नाही, हे आपोआप स्पष्ट होते.

इचलकरंजीकर

मी स्वतः दुसऱ्या एका लीगचा कमिशनर आहे, म्हणून तिसऱ्या आधाराविषयी कळकळीने लिहितो. लीग फाइलची प्रत काढून कमिशनरच्या संगणकावर तोच हंगाम शंभरदा खेळवणे सोपे आहे आणि येणारी सरासरी चांगलीही असते. तरीही आपल्या लीगमध्ये स्काउटिंग (संघाच्या पारख्यांकडून खेळाडूंचा अंदाज घेण्याची सोय) चालू असेल तर कृपया तो मार्ग घेऊ नका.

कारण असे की, खेळाचे इंजिन खेळाडूंच्या खऱ्या रेटिंगवर चालते आणि मालकांना दिसतो तो त्यांच्या स्काउटचा अंदाज. समजा, एखाद्या तरुण पिचरला बहुतेक स्काउट सामान्य ठरवतात, परंतु तो प्रत्यक्षात उत्तम आहे. शंभर हंगामांच्या सरासरीत त्याचा संघ अनपेक्षितपणे वर येईल आणि क्रमवारी वाचणारा चाणाक्ष मालक दुसऱ्याच दिवशी त्या पिचरसाठी प्रस्ताव पाठवेल. स्काउटिंगवर ज्याने अंदाजपत्रकातले पैसे घातले त्याची मेहनत अशाने वाया जाते. क्रमवारी ही कुणालाही न दिसणारी माहिती फोडण्याची जागा होता कामा नये. ज्या पानांवर प्रत्येक मालक जाऊ शकतो तेवढ्याच पानांवरून ती लिहिली गेली पाहिजे. स्काउटिंग बंद असेल आणि सर्वांना खरी रेटिंग दिसत असतील, तर माझा हा आक्षेप उरत नाही.

दुसरी अडचण अशी की, प्रतीवर हंगाम खेळवताना सर्व संघ संगणक चालवतो. दर आठवड्याला विरुद्ध पिचर डावखुरा आहे की उजवा हे पाहून फळी बदलणारा मालक आणि महिनोन्महिने फाइल न पाठवणारा मालक, हे दोघे तिथे सारखेच ठरतात. प्रत्यक्षात त्यांच्यातला फरक हंगामभर साठत जातो.

कसबा बावडा

मी रंकाळावेस यांच्याच लीगमध्ये आहे आणि तळाशी दाखवला गेलेला तो संघ माझा आहे. आकड्यांविषयी मी वरील मंडळींएवढे सांगू शकणार नाही, पण वाचणाऱ्याच्या बाजूने काही सांगावेसे वाटते.

शेवटची जागा मिळाल्याचे मला वाईट वाटले नाही. माझ्या संघाविषयी लिहिलेल्या ओळींवरून कुणी माझे पान उघडूनही पाहिलेले नाही हे उघड होत होते, याचे वाईट वाटले. मी ड्राफ्टमध्ये घेतलेला कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा) आता मुख्य संघात येण्याइतका तयार झाला आहे, सेंटरफील्डला चांगला क्षेत्ररक्षक आणला आहे, आणि तरीही माझे बुलपेन कमकुवत आहे. हे सगळे लिहून मला शेवटच्या जागी ठेवले असते तरी मी ते आनंदाने वाचले असते. त्यामुळे जागा कोणतीही द्या, पण तिच्यामागचे कारण प्रत्येक संघापुढे नावानिशी लिहा, एवढीच विनंती.

रंकाळावेस

सर्वांचे मनापासून आभार. कसबा बावडा यांचे म्हणणे मी विशेष लक्षात ठेवीन. आमच्या लीगमध्ये स्काउटिंग चालू आहे, त्यामुळे इचलकरंजीकर यांच्या सूचनेप्रमाणे प्रतीवर हंगाम खेळवण्याचा विचार मी सोडून देतो. आता दोन शंका उरतात. अगदी जवळजवळच्या संघांना पाचवा, सहावा, सातवा असे क्रमांक द्यावेत का? आणि माझ्या संघाविषयी कुणीच काही लिहिले नाही.

बिंदूचौक

क्रमांकांऐवजी गट करा. कारण गणिती आहे. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता अगदी निम्मी असलेला संघसुद्धा १६२ सामन्यांत बरोबर ८१ वर थांबत नाही. निव्वळ योगायोगाने त्याच्या विजयांत सुमारे ६ चे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) येते. म्हणजे साधारण तीनपैकी एका हंगामात तो ७५ च्या खाली किंवा ८७ च्या वर जाईल, आणि त्यात कुणाचेही कौशल्य वा चूक नसेल. आपला अंदाज तंतोतंत बरोबर असला तरी एवढे अंतर राहणारच. मग ८४ आणि ८२ विजयांचे अंदाज असलेल्या दोन संघांमध्ये पाचवा कोण आणि सहावा कोण, हे ठरवण्याला काय अर्थ आहे? विजेतेपदाचे दावेदार, प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) उंबरठ्यावरचे आणि बांधणीच्या टप्प्यातले असे तीन-चार गट करून प्रत्येक संघापुढे विजयांचा पल्ला द्यावा.

नामांकित पद्धतीही चुकतात, हे प्रस्तावनेत अवश्य लिहा. ‘पेकोटा’ या अंदाजपद्धतीने २०१५ साठी कॅन्सस सिटी रॉयल्स संघाला ७२ विजय दिले होते, तो संघ ९५ सामने जिंकला आणि वर्ल्ड सीरिज, म्हणजे अंतिम विजेतेपदही, त्यानेच घेतले. क्षेत्ररक्षण, बुलपेन आणि फारसे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) न होणारी फलंदाजी ही त्यांची ताकद होती. शाहूपुरी यांनी शॉर्टस्टॉपविषयी लिहिले आहे ते म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते.

शाहूपुरी

आपल्या संघाचा परिच्छेद आपण लिहू नये. लीगमधल्या ज्या मालकाशी आपली सर्वाधिक चुरस असते त्याच्याकडे तो सोपवावा आणि त्याने लिहिलेला एकही शब्द बदलू नये. यामुळे इतरांचाही उरलेल्या यादीवर विश्वास बसतो.

प्रसिद्धीची वेळही सांभाळावी. पहिल्या आठवड्यासाठी सर्वांच्या फाइल कमिशनरांकडे पोहोचल्यानंतर आणि सामने खेळवण्यापूर्वी ती टाकावी, म्हणजे आपले लिखाण वाचून कुणी फळी बदलली असे होणार नाही.

रंकाळावेस

हे सर्व मान्य आहे. माझ्या संघाविषयी लिहिण्याची विनंती मी कसबा बावडा यांनाच करतो, कारण गेल्या हंगामात त्यांच्याशी झालेले सामने सर्वांत अटीतटीचे होते. यादी चार गटांत, विजयांच्या पल्ल्यासह आणि प्रत्येक संघाच्या चौथ्या-पाचव्या स्टार्टरची नोंद घेऊन लिहायला आज रात्रीच बसतो. येत्या रविवारी फाइलची मुदत संपली की ती प्रसिद्ध करीन.