अनुभव धागा: मुरलेला बँड समोर वाजताना पाहिला तेव्हा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात वाद्य हातात धरणाऱ्या पोरांची पहिली शाळा म्हणजे गणपतीतला ऑर्केस्ट्रा, वरातीतला बँजो नाहीतर कॅम्पातल्या चर्चचा कॉयर. मोठ्या बँडसाठी बंगळूर, पुणे, मुंबई गाठावी लागते, किंवा घाट उतरून गोवा. तिथं जाऊन आलेल्यांनी लिहावं. गर्दी आणि लाइटचं वर्णन नसलं तरी चालेल. वीस-तीस-चाळीस वर्षं एकत्र वाजवणारी माणसं स्टेजवर नेमकं काय करतात आणि ते बघून तुमच्या वाजवण्यात काय बदललं, तेवढं मनापासून सांगा.

बास, निपाणी

१७ मार्च २००७, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. आयर्न मेडन. इंग्लंडचा हेवी मेटल बँड, १९७५ चा, माझ्या जन्माच्या आधीचा. बेळगावला येऊन राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली आणि रात्रभर प्रवास केला. त्यांचा बासवाला (खालच्या सुरांचं बास गिटार वाजवणारा) स्टीव्ह हॅरिस प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची पट्टी, न घेता बोटांनी वाजवतो, हे वाचलेलं होतं. पण त्या वेगात वाजवताना तो गाण्याचे शब्दही तोंडानं म्हणत असतो, हे तिथं दिसलं. बास घोडदौडीसारखा पुढं, आणि तीन गिटार त्याच्यावर स्वार. आमच्याकडं ऑर्केस्ट्रात बासवाल्याची जागा मागच्या कोपऱ्यात. इथं बँड उभा करणाराच बासवाला! परत आल्यावर मी प्रत्येक गाण्याचे शब्द पाठ करायला लागलो. गायक कुठं श्वास घेतो ते कळलं की बास कुठं सोडायचा ते कळतं.

तबला, शहापूर

इंडियन ओशन मी असीम चक्रवर्ती असताना पाहिला आणि ते गेल्यावरही. दिल्लीचा बँड, १९९० चा. असीमदा बसून तबला वाजवायचे आणि त्याच वेळी गळा मोकळा सोडून गायचे. तबला शिकलेल्यालाच यातली अडचण कळेल. आमचे गुरुजी सांगायचे, बोल मनात म्हणत वाजव. इथं मनात बोल, तोंडात गाणं, आणि दोन्हींची वजनं वेगळी. ओळ चालू असताना हात हलका, ओळ संपली की डग्गा मोकळा. गायक आणि साथीदार यांच्यातली देवघेव एकाच माणसात चाललेली मी दुसरीकडं कुठं पाहिलेली नाही.

डिसेंबर २००९ मध्ये ते गेले. नंतर तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशू जोशी आले. एका माणसाच्या जागी दोघं. मी धाकधूक घेऊनच गेलो होतो. पण बासवर राहुल राम, ड्रम्सवर अमित किलम, ही जोडी इतकी घट्ट की नव्यांना आपल्या पद्धतीनं वाजवायला जागा मिळत होती. असीमदांची नक्कल कुणी केली नाही. गुरू गेल्यावर घराणं पुढं कसं चालतं, याच्या गोष्टी आपण धारवाडकडच्या लोकांकडून ऐकत वाढलो. बँडमध्येही तसं होतं, हे त्या रात्री पाहिलं. पुढं २०१३ मध्ये गिटारवाले सुस्मित सेन बाहेर पडले, तेव्हा मला बँडची काळजी वाटली नाही.

भजनी मंडळ, येळ्ळूर

वाजवत गाणारे आपल्याकडं आहेत की. आमच्या भजनात पखवाजवालेच चाल उचलतात. शहापूरच्या दादांनी एकदा एकादशीला यावं.

गिटार, टिळकवाडी

यूटू, नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम, १५ डिसेंबर २०१९. १९७६ साली डब्लिनमध्ये शाळकरी पोरांनी काढलेला बँड, आणि त्यातलेच चौघं समोर. सुरुवातीला मोठा स्टेज रिकामा. ड्रमर लॅरी मलन एकटा चालत प्रेक्षकांत शिरलेल्या छोट्या स्टेजवर आला, बसला आणि वाजवायला लागला. बाकीचे मागाहून.

मी मात्र त्यांचा गिटारवाला द एज, त्याच्या हातांसाठी गेलो होतो. त्याचा डिले (वाजवलेला सूर थोड्या वेळानं परत ऐकवणारं यंत्र) बऱ्याच गाण्यांत असा लावलेला असतो की वाजवलेला सूर पाऊण मात्रेनं परत येतो. हात मात्रेला दोन सूर वाजवतो, मधल्या जागा परत आलेले सूर भरतात, ऐकणाऱ्याला चार ऐकू येतात. रेकॉर्डवर ही करामत वाटते. समोर पाहिल्यावर कळतं की ड्रमर त्या लयीतून जरा जरी सरकला तरी सगळं विस्कटेल. म्हणजे एजचं निम्मं गिटार लॅरीच्या हातात! परतल्यावर आमच्या ड्रमरला घेऊन बसलो. दोघांत एक मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र), दोनच सूर, रोज संध्याकाळी. नवं गाणं बसवणं काही महिने बंदच ठेवलं, आणि ते योग्यच झालं.

आल्टो (कॉयरमधला बायकांचा खालचा आवाज), कॅम्प

कोल्डप्ले, नवी मुंबई, जानेवारी २०२५. मनगटावरचे चमकणारे पट्टे सगळ्यांनी पाहिलेत. माझं लक्ष विल चॅम्पियनवर होतं. ड्रम वाजवता वाजवता मागचा दुसरा सूरही तोच म्हणतो. मधे चौघं चालत मैदानाच्या मागच्या छोट्या स्टेजवर गेले. तिथं सामान थोडं, माणसं हाताच्या अंतरावर. एकमेकांकडं बघून ते एकत्र श्वास घेत होते. आमचे कॉयरचे सर हेच सांगतात, वही सोडा, शेजारणीचा श्वास ऐका. आता सरावाला आम्ही अर्धवर्तुळात उभ्या राहतो. वरच्या आवाजात गाणाऱ्या सोप्रानोंना ते अजून जड जातंय.

ड्रम्स, खानापूर, अकरावी

मी अजून असा एकही बँड पाहिला नाही. यंदा गोव्याला जायचं ठरतंय. ड्रमर नीट दिसायला कुठं उभं राहू?

साउंड, अनगोळ

आवाज ऐकायचा असेल तर मिक्सरच्या, म्हणजे साउंडवाला सगळे आवाज जमवतो त्या टेबलाच्या, शेजारी. तिथं बसून ऐकूनच मिक्स करतात, म्हणून तोल तिथं सगळ्यात बरा. पण तुला ड्रमर बघायचाय. तो उजव्या हाताचा असेल तर त्याचं हाय-हॅट (पायानं उघडमीट होणारी झांजांची जोडी) प्रेक्षकांच्या उजवीकडं येतं. त्या बाजूला पुढं उभा राहा. हाय-हॅटचा पाय आणि स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) हात दोन्ही दिसतील. कानात फोमचे इअरप्लग घाल, आणि परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेव.