नानांना केमोचा डोस कमी का दिला? जाणकारांनी सांगावे

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले, केळीवाले. वडील (नाना) 71 वर्षांचे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, लिम्फच्या गाठींतही सापडला म्हणून तिसरी स्टेज. आता डॉक्टरांनी कॅपेसिटाबिनच्या नुसत्या गोळ्या लिहिल्यात. 500 च्या तीन सकाळी, तीन संध्याकाळी, 14 दिवस घ्यायच्या, मग 7 दिवस सुट्टी. "किडनी बघून पाऊण डोस देतोय" एवढंच म्हणाले. ओपीडीत ही गर्दी, पुढे विचारता आलं नाही.

घोळ असा की आमच्याच गल्लीतल्या एकाला, वय 48, धिप्पाड गडी, हाच आजार आणि हीच स्टेज. त्याला सलाईनमधून ऑक्सालिप्लाटिन, वर याच गोळ्या चार-चार. काका म्हणतात, महात्मा फुले योजनेच्या कार्डावर फुकट आहे म्हणून हात आखडला. (त्या गल्लीवाल्याचंही कार्डावरच चालू आहे, पण काकांना कोण सांगणार!) मला खटकतं ते वेगळं. नानांचं क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्तात तपासतात ते) 1.2 आहे, रिपोर्टात नॉर्मल लिहिलंय. मग किडनी मधेच कुठून आली? पूर्ण डोसचा आग्रह धरू का? उंची 163 सेंमी, वजन 52 किलो. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखले की मेडिकलवरून गोळी आणतात.

जिभाऊ_अमळनेर:
भो, नानाले मुंबई लई जा. आठे काही खरं नही.

गोळीहिशोब:
जिभाऊ, मुंबईतही हाच हिशोब करतील. मी डॉक्टर नाही, पण हॉस्पिटलच्या फार्मसीत केमोची औषधं मोजून देण्यात नोकरी गेली.

तापीकाठ, नुसतं क्रिएटिनिन बघायचं नसतं. 140 मधून वय वजा करा, 69. त्याला वजनाने गुणा, 3588. आता 72 गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे 86.4 ने भागा. उत्तर साधारण 41. नानांची किडनी मिनिटाला एवढे मिली रक्त साफ करते, असा अंदाज. कॅपेसिटाबिनला हा आकडा 30 ते 50 मध्ये असेल तर सुरुवातच 75 टक्क्यांनी करतात, 30 च्या खाली असेल तर देतच नाहीत. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. म्हातारपणी, त्यात ऑपरेशननंतर, अंगावर मांस राहत नाही, म्हणून किडनी थकलेली असूनही रिपोर्ट गोरागोमटा दिसतो.

आता गोळ्या. उंची-वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढतात. नानांचं 1.53 चौरस मीटर येतं. नुसत्या गोळ्यांचा पूर्ण डोस चौरस मीटरला 1250 मिग्रॅ, म्हणजे एका वेळी साधारण 1920. त्याचा पाऊण 1440. जवळची गोळी धरली की 1500, तीन गोळ्या. कार्डाचा काही संबंध नाही. ऑक्सालिप्लाटिन जोडीला असेल तर हाच दर 1000 वर आणतात. तुमच्या गल्लीवाल्याचं अंगच मोठं, म्हणून त्याला तरीही चार.

सत्तरीपुढच्यांना ऑक्सालिप्लाटिन वाढवून आयुष्यात ठळक फरक पडलेला अभ्यासांत दिसलेला नाही. उलट हातापायांच्या मुंग्या महिनोन्महिने राहतात. तरी वय एकटं ठरवत नाही. नाना मळ्यात जाऊन येतात का, की दिवसातला निम्मा वेळ खाटेवर असतात? डॉक्टर याला 0 ते 4 असा आकडा देतात, फाईलमध्ये लिहिलेला असेल.

आणि इथे केमो आजार परत उलटू नये म्हणून आहे. अशा ठिकाणी डॉक्टर विनाकारण डोस कापत नाहीत. पसरलेल्या आजारात माणसाला त्रास कमी व्हावा म्हणून लवकर हात सैल करतात, ती गोष्ट निराळी.

गुडघ्याची गोळी कोणती? डायक्लोफिनॅकसारखी असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. ती किडनीवरच बसते.

धुळ्याची_सून:
माझ्या सासूबाईंना याच गोळ्या होत्या. जुलाब लागले तर "उद्या बघू" करू नका. वैशाखात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, त्यात जुलाब म्हणजे अंगातलं पाणी संपतं, किडनी आणखी मंदावते आणि तेच औषध अंगात साठत जातं. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले तरी लगेच फोन करा. गोळी थांबवायची की कमी करायची ते डॉक्टर ठरवतील. आणि ऑपरेशननंतर रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या असतील तर त्यात फॉलिक ॲसिड आहे का तेवढं विचारून घ्या, त्याने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो. आमच्या ते उशिरा लक्षात आलं. शेवभाजी तूर्त बंद, हे सांगायला नकोच, पण ऐकणार कोण!

तापीकाठ:
खूप आभार. आज फाईल घेऊन जाऊन आलो. क्लिअरन्स 41 असं पेनाने लिहिलेलंच होतं, आमचं लक्ष गेलं नव्हतं. दर फेरीआधी रक्त आणि वजन बघून हिशोब पुन्हा करणार म्हणाले. गुडघ्याची गोळी बंद करून पॅरासिटामॉल दिली. रक्तवाढीची गोळीही बदलली. काका अजून फुरंगटलेलेच आहेत.

एक विचारायचं राहिलं. एखाद्या वेळची गोळी चुकली तर पुढच्या वेळी सहा घ्यायच्या का?

गोळीहिशोब:
अजिबात नाही. चुकलेली सोडून द्यायची, पुढच्या वेळी तीनच. किती चुकल्या ते कॅलेंडरवर खूण करून पुढच्या भेटीत सांगा.